उलटं मी करतो

प्रिंटरवर माझे कागद नव्हते. माझे म्हणजे रिलीजची यादी, सहा पानं, दहा मिनिटांपूर्वी पाठवलेली, आणि ह्या मशीननं नेहमीप्रमाणे गिळलेली. ट्रेमध्ये एकच पान पडलं होतं, अजून कोमट. मी ते उचललं आणि वाचलं, कारण छापलेलं काहीही हातात आलं की मी वाचतो, भेळेचा कागदसुद्धा सोडत नाही, जुनी खोड आहे. मिनिआपोलिस ते ॲमस्टरडॅम, ॲमस्टरडॅम ते मुंबई. सतरा फेब्रुवारी २००८, रविवार. प्रवासी दोन, उल्हास पाटणकर आणि देवयानी पाटणकर. परतीच्या जागी काही नव्हतं. इतकी वर्षं मी इंडियाची तिकिटं काढतोय, आमची, येणाऱ्या-जाणाऱ्यांची, आई-बाबांची, पण परतीची तारीख नसलेलं तिकीट मी पहिल्यांदाच पाहत होतो. मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्याच टीममधल्या ह्या उल्हासला काढायचं जानेवारीतच ठरलं होतं, पंधरा फेब्रुवारी त्याचा शेवटचा दिवस, व्हिसा कंपनीचा, म्हणजे कंपनी संपली की देश संपला, हे तर इथे आलेल्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. माहीत असणं आणि कागद कोमट लागणं ह्यात मात्र फरक असतो. आज सात तारीख होती. काल सहा. सहा तारखेला माझे एकशे ऐंशी दिवस पुरे झाले होते.

हे एकशे ऐंशी दिवस काय ते सांगतो, कारण त्यांच्या आड मी दोन महिने बसलो होतो. आमच्या ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज दहा ऑगस्टला पोचला. त्याआधी सहा वर्षं रांगेत. वकीलबाई म्हणाली होती, ह्या दिवसापासून एकशे ऐंशी दिवस नोकरी टिकवा, मग ती गेली तरी दुसरी धरता येईल, अर्ज जिवंत राहील. त्याच्या आत गेली तर सगळं मुसळ केरात, पुन्हा पहिल्यापासून. उत्तरानं, म्हणजे माझ्या बायकोनं, फ्रिजवर कॅलेंडर लावलं आणि रोज सकाळी चहा गाळता गाळता ती एक दिवस खोडायची. काल शेवटचा खोडला, शिरा केला, त्यात केळं घातलं, आणि उर्वीला, आमच्या मुलीला, म्हणाली, देवापुढे ठेव. उर्वी पंधरा वर्षांची आहे. "व्हॉट आर वी सेलिब्रेटिंग?" तिनं विचारलं. उत्तरा म्हणाली, "काही नाही, बाबांचं एक काम झालं." मी दोन वाट्या शिरा खाल्ला. चांगला झाला होता, खोटं कशाला बोलू. खाताना मनाशी म्हणत होतो, आता उद्या. उद्या जाऊन लिंडाला, म्हणजे आमच्या मॅनेजरला, सांगायचं. आणि आज हा कागद.

आमचं सॉफ्टवेअर काय करतं ते माझ्या आईला मी असं सांगायचो: शाळेत, हॉस्पिटलात, सरकारी कचेरीत कॉम्प्युटरवर फायली असतात, त्यातली कुठली कोणी उघडायची आणि कोणाला दारातनंच परत पाठवायचं, ते ठरवणारा राखणदार. आई म्हणायची, म्हणजे गुरखा. हो, गुरखा. ह्या गुरख्याला गिऱ्हाईक सूचनांची एक फाइल देतं. तिच्यात सेटिंगांची नावं आणि पुढे हो किंवा नाही, बस. ती नावं ज्यानं सुरुवातीला ठेवली तो माणूस कंपनी सोडून कधीच मासे पकडायला निघून गेला, पण नावं राहिली, आणि ती अशी की एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. काही सेटिंगं होकाराची, काही नकाराची. "बाहेरच्यांना अडवा: हो", आणि त्याच्याच खालच्या ओळीत "शिक्षकांना येऊ द्या: हो". वाचणारा गोंधळणार नाही तर काय होईल. गेल्या वर्षी लिंडानं फर्मान काढलं की सगळी नावं एका वळणाची करा, सगळी होकाराची. "बाहेरच्यांना अडवा" गेलं, त्याच्या जागी "बाहेरच्यांना येऊ द्या" आलं. आणि अट अशी की एकाही गिऱ्हाइकाला आपली जुनी फाइल बदलायला लागता कामा नये. जुनं नाव दिसलं तर प्रोग्रामनं मुकाट्यानं ते नवं समजायचं. एकशे चौदा नावं होती. त्यातली एकशे अकरा सरळ. तीन मात्र उलटी, म्हणजे नाव बदललं की उत्तरही बदलायला हवं: "अडवा: हो" म्हणजे "येऊ द्या: नाही". एवढंच. शाळेतल्या पोराला कळेल. हे काम मी आणि उल्हास करत होतो. जुनी नावं नव्यांशी जोडणारं टेबल त्याचं. गिऱ्हाइकाची फाइल वाचणारा भाग माझा.

उल्हास आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी आला, कराडचा. मला पहिल्या दिवसापासून दादा म्हणायला लागला. मी म्हटलं, अरे इथे लोक बॉसलासुद्धा नुसत्या नावानं हाक मारतात, तर म्हणाला, "ते इंग्रजीत, दादा." मला बरं वाटलं होतं. चौदा वर्षं ह्या देशात नरेंद्रचं नॅरेन झालेला माणूस मी. आमच्या बेसमेंटमधला जुना सोफा, कुकर, बर्फ ओढायचं फावडं, सगळं त्याच्या अपार्टमेंटमध्ये गेलं. देवयानी लग्न होऊन आली तेव्हा विमानतळावर मी गाडी घेऊन गेलो होतो. दुपारी आम्ही दोघं एकदम जेवायचो. मायक्रोवेव्हपाशी उभं राहून डबा गरम करायचा आणि तेवढ्यात मराठीत बोलून घ्यायचं. दिवसाकाठी ती वीस मिनिटं काय ती जिभेला सुटका. बोलायचो काय, तर कामच. कुठला बग, कोणाचा कोड, लिंडा काय म्हणाली. गावाकडच्या गप्पा क्वचित. जे मीटिंगमध्ये तासभर इंग्रजीत घोळत बसायचं ते तिथे तीन वाक्यांत ठरायचं, आणि मग जागेवर जाऊन आपापलं करायचं. ग्रेग म्हणून एक टेस्टिंगवाला आहे, तो पॉपकॉर्न घेऊन यायचा आणि म्हणायचा, तुम्ही दोघं इथे अर्धी कंपनी चालवता आणि आम्हाला पत्ता नाही. लिंडानं दोनदा सांगितलं होतं, जे ठरेल ते मेलवर टाका. आम्ही हो म्हणायचो. आपल्या माणसाशी पोळी खाता खाता बोललेलं कोण मेलवर टाकतो.

एकोणीस जुलैची दुपार. मला ती दिवसासकट आठवते, गुरुवार. आठवत नाही असं मी नंतर तीन माणसांसमोर म्हणालो, म्हणून सांगतो की मला उल्हासच्या डब्यात काय होतं तेही आठवतं. गवारीची भाजी, दाण्याचं कूट जास्त झालेली. तो पोळ्यांचा फॉइल सोडवत होता. म्हणाला, "दादा, ते तीन नकारवाले आहेत ना, त्यांचं उत्तर मी टेबलमध्येच उलटं करून टाकू का?" मी म्हटलं, "नको. तू फक्त नावं जोड. उलटं मी करतो, फाइल वाचताना. दोघांनी केलं तर परत सुलटं व्हायचं." त्यावर तो हसला. मग म्हणाला, "मेल टाकू का तसा एक?" आणि मी म्हटलं, "अरे, बोललो ना आत्ता. मेल कसला टाकतोस, मी काय पळून चाललोय?" ग्रेग मागे उभा होता, पॉपकॉर्नची पिशवी हातात धरून. मग माझा फोन वाजला. उत्तरा होती. त्या आठवड्यात सरकारनं सगळ्यांनाच अर्ज भरायची अचानक मुभा दिली होती, आणि गावातला एकूण एक इंडियन डॉक्टरची वेळ आणि फोटो आणि कागद ह्यांच्या मागे धावत होता. अडीच वाजता लसीकरणाची वेळ मिळाली होती, उर्वीला शाळेच्या कँपमधून उचलून लगेच ये. डबा तसाच फ्रिजमध्ये टाकून मी निघालो. पुढचे पंधरा दिवस मी कामावर होतो ते नुसता शरीरानं. माझ्या जन्माच्या दाखल्यावर नावच नाही. अकोल्याच्या नगरपालिकेनं १९६२ मध्ये नुसतं "पुरुष" लिहून ठेवलंय, नंतर नाव चढवायला कोणी गेलं नाही. तर हा पुरुष म्हणजे मीच, असं माझ्या मावशीनं आणि एका चुलत्यानं स्टॅम्पपेपरवर शपथेवर लिहून द्यायचं होतं. मावशीला रात्रंदिवस फोन. ते सगळं झालं, अर्ज गेला, आणि ते तीन नकार माझ्या डोक्यातून साफ गेले. मुद्दाम नाही. कोणी मुद्दाम करतं का असं. विसरलो.

ऑक्टोबरमध्ये नवी आवृत्ती बाहेर पडली. उल्हासच्या टेस्ट सगळ्या पास होत्या, कारण जुनं नाव ओळखलं जातं की नाही एवढंच त्या तपासत होत्या, आणि ते ओळखलं जात होतं. दुसऱ्या एका राज्यातल्या शाळांच्या एका गटानं डिसेंबरच्या सुरुवातीला ती बसवली. त्यांच्या फाइलमध्ये लिहिलेलं होतं, "बाहेरच्यांना अडवा: हो". आमच्या गुरख्यानं ते नव्या नावानं वाचलं, "बाहेरच्यांना येऊ द्या: हो", आणि दार उघडून बाजूला उभा राहिला. अकरा दिवस. शाळेच्या समुपदेशकांच्या टिपणांचं दार. कुणीतरी त्यातली एक उघडली, छापली, आणि पोरापोरांत वाटली. आमच्याकडे आलेल्या अहवालात नाव नव्हतं, "विद्यार्थिनी क", वय पंधरा, एवढंच. घरात काय चालतं ते तिनं एका बाईंना दार लावून सांगितलं होतं. अहवालाच्या शेवटच्या ओळीत होतं की विद्यार्थिनी सध्या शाळेत येत नाही. सध्या म्हणजे कुठे आहे, कशी आहे, ते कोणी लिहिलं नव्हतं आणि विचारलंही नाही. त्या दिवशी घरी आलो तर उर्वी जिन्यात बसून फोनवर मैत्रिणीशी हळू आवाजात बोलत होती. मला बघून गप्प झाली. मी विचारलं, काय चाललंय गं. ती म्हणाली, "नथिंग, बाबा. इट्स प्रायव्हेट." मी वर जाऊन बाथरूमचं दार लावून घेतलं.

त्याच्या दुसऱ्या सकाळी, कोणी यायच्या आधी, मी माझा कोड उघडून पाहिला. त्या जागी आठ ओळी असायला हव्या होत्या. तिथे काही नव्हतं. वरची ओळ संपत होती आणि खालची सुरू होत होती. आमच्याकडे एक टूल आहे, कुठली ओळ कोणी, कधी लिहिली ते बिनचूक सांगतं. टेबलातल्या त्या तीन ओळींपुढे उल्हासचं नाव होतं. कुठली ओळ कोणी लिहिली नाही, ते सांगणारं टूल अजून निघालेलं नाही. खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिल्यांदा मुलगी आली नाही, उल्हासही आला नाही. मी बोटांवर दिवस मोजले. त्रेपन्न उरले होते.

मीटिंगमध्ये चौघं होतो. लिंडा, ग्रेग, उल्हास आणि मी. लिंडा आरडाओरडा करणारी बाई नव्हे, उलट तिचा आवाज खाली जातो आणि मग माणसं घाबरतात. तिनं उल्हासला विचारलं, ह्या तिन्हींचं उत्तर उलटं केलेलं नाही, का? उल्हास म्हणाला, ते फाइल वाचताना होणार आहे असं आमचं ठरलं होतं. "आमचं" म्हणताना त्यानं माझ्याकडे पाहिलं. आरोप नव्हता त्या पाहण्यात. घरात पाहुणे आले की धाकटा थोरल्याकडे बघतो ना, की आता तू बोल, तसं. लिंडानं विचारलं, मेल आहे? तो म्हणाला, नाही, तोंडी बोललो होतो. मग ती माझ्याकडे वळली. मी म्हणालो, आणि हे वाक्य मी आदल्या रात्रीपासून तयार केलेलं नव्हतं, ते आपोआप अगदी नीट जुळून बाहेर आलं, की नावांबद्दल आम्ही पुष्कळ बोललो, पण नेमकं हे ठरल्याचं मला आठवत नाही. ग्रेग म्हणाला, हे दोघं मायक्रोवेव्हपाशी त्यांच्या भाषेत बोलत असतात, काय ठरतं ते देव जाणे. आणि हसला. मीही हसलो. उल्हास हसला नाही. त्यानं समोरचा कागद सरळ केला, आधीच सरळ असलेला, आणि म्हणाला, मग माझ्याकडून राहिलं असेल.

त्यानं भांडायला हवं होतं. अजूनही वाटतं. टेबलावर हात आपटून म्हणायला हवं होतं की हा माणूस खोटं बोलतोय. तो भांडला असता तर मला एकतर खरं बोलावं लागलं असतं, नाहीतर त्याचा राग तरी आला असता. राग मला तसाही आला, तो भांडला नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी साडेबाराला डबा घेऊन हा नेहमीसारखा माझ्या जागेशी हजर. "चला, दादा." मी म्हटलं, आज कॉल आहे. त्याच्या दुसऱ्या दिवशीही कॉल होता. आठवड्यानं त्यानं विचारणं सोडलं. मग मी जागेवरच जेवायला लागलो, गार. घरी उत्तराला मी सगळं सांगितलं नव्हतं, पण वीस वर्षं संसार केलेली बायको, तिला अर्धं सांगितलं की उरलेलं ती स्वतःच भरते. भाजी चिरत होती. म्हणाली, "तू त्याला काही म्हणाला होतास का?" मी म्हटलं, "म्हणालो असेन." ती चिरत राहिली. मग म्हणाली, "सहा तारीख जाऊ दे. मग बघू." मला तेवढंच हवं होतं. ती नको म्हणाली असती, आत्ताच्या आत्ता जा म्हणाली असती, तर मी गेलो असतो का? नसतो गेलो. पण तिनं तारीख दिली आणि मी ती धरून बसलो. स्वतःला समजावलं की सहाला सांगितलं तरी उशीर होणार नाही, नोकरी पंधरापर्यंत आहे, लिंडा निर्णय फिरवू शकते. हे इतकं पटण्यासारखं होतं की मध्ये मला चांगली झोपसुद्धा लागायला लागली होती.

तर ते तिकीट हातात घेऊन मी सात तारखेला लिंडाच्या दाराशी गेलो. पाय आपले आपण गेले. ती फोनवर होती, एक बोट वर करून थांब म्हणाली. मी थांबलो. वाक्य तयार होतं: त्याला तसं करायला मीच सांगितलं होतं. तिच्या टेबलावर मुलाचा हॉकीच्या कपड्यातला फोटो होता, पुढचे दोन दात पडलेला. खिडकीतून पार्किंग दिसत होतं, बर्फाचे काळे पडलेले ढीग, आणि एक माणूस गाडीची काच खरवडत होता. वाक्य मी पुन्हा एकदा मनात म्हटलं. पुढचंही ऐकू आलं. मग डिसेंबरात का नाही सांगितलंस? हा प्रश्न मी आजवर विचारातच घेतला नव्हता. जुलैमधली चूक ही चूक होती, माणूस विसरतो, फार तर बोलणी खाल्ली असती. पण आता मला दोन गोष्टी सांगाव्या लागणार होत्या, आणि दुसरीला काही नाव नव्हतं, म्हणजे होतं, पण ते मला स्वतःच्या तोंडानं घ्यावं लागणार होतं. रोज एक दिवस खोडत गेलो तसतशी ती दुसरी गोष्ट वाढत गेली होती. एकशे ऐंशी दिवसांनी माझी नोकरीची भीती काढून घेतली आणि मला तिथे उघडा उभा केला. लिंडानं फोन ठेवला. काय रे, म्हणाली. मी म्हणालो, तो प्रिंटर पुन्हा कागद खातोय, कोणाला तरी बोलवायला हवं. ती म्हणाली, बघते. मी परत फिरलो, तिकीट उल्हासच्या टेबलावर ठेवलं. तो कानाला हेडफोन लावून बसला होता, आपलं काम दुसऱ्याच्या हाती देण्यासाठी टिपणं लिहीत. एकेक गोष्ट आकडे घालून, नीट. त्यानं हेडफोन काढला. "थँक्स, दादा. पुढच्या शनिवारी, सोळाला, घरी असाल का? तुमच्या वस्तू आणून देतो." मी म्हटलं, "अरे, राहू दे वस्तू." तो म्हणाला, "नाही, ठेवून काय करणार. दुसऱ्या कोणाला तरी उपयोगी पडतील."

सोळा तारखेला, शनिवारी दुपारी दोघं आले. बाहेर शून्याच्या खाली पंधरा, गाडीतून उतरून दारापर्यंत येईतो देवयानीच्या पापण्यांवर पांढरं धरलं होतं. उत्तरानं आधीच पोहे करून ठेवले होते आणि ती सारखी बोलत होती, थांबतच नव्हती. सामान किती झालं, वजन केलंत का, ॲमस्टरडॅमला फार चालावं लागतं, शूज चांगले घाल. देवयानी हो-नाही करत होती. ती इथे लॅब टेक्निशियनचा कोर्स करत होती, दोन सेमिस्टर झाली होती, तिसरं अर्ध्यात सोडलं. उत्तरानं विचारलं, तिकडे जाऊन पुरं करता येईल का. देवयानी म्हणाली, "नाही, वहिनी. इथलं तिथे चालत नाही. परत पहिल्या वर्षाला." आणि पोह्यांतली मिरची बाजूला काढत राहिली. माझ्याकडे तिनं एकदाही बघितलं नाही. पूर्वी ही मुलगी मला बघितल्याबरोबर चेष्टा सुरू करायची, दादांचं पोट दोन पावलं पुढे आलंय म्हणायची. मी उल्हासला म्हटलं, पुण्यात माझे एक-दोन ओळखीचे आहेत, कळवतो. तो म्हणाला, हो, रेझ्युमे पाठवून ठेवतो. कराडला आधी महिनाभर, मग बघू. वडिलांना त्यानं काय सांगितलं होतं ते मी विचारलं नाही. तोच म्हणाला, "अण्णांना सांगितलंय की प्रोजेक्ट संपला."

वस्तू काढायला आम्ही गॅरेजमध्ये गेलो, तो आणि मी. कुकर, इस्त्री, फावडं, एक घडीचं टेबल. त्यानं ते सगळं भिंतीशी ओळीनं लावून ठेवलं. कुकरची शिटी पिशवीत वेगळी बांधलेली होती, घासून लख्ख. मग तो गेला नाही. हातमोजे घालत उभा राहिला, एक घातला, दुसरा हातातच राहिला. "दादा," तो म्हणाला, "एक विचारू? आता त्याचा काही उपयोग नाही. मी कोणाला सांगणार नाही, कोणाला मेल करणार नाही, उद्या मी इथे नसेन. फक्त माझ्यासाठी विचारतो." मी म्हटलं, "विचार ना." तो म्हणाला, "जुलैमध्ये तुम्ही मला म्हणाला होतात ना, की उलटं मी करतो? मायक्रोवेव्हपाशी. मला अगदी स्पष्ट आठवतंय, तुमचा आवाजसुद्धा. पण तुम्ही म्हणता आठवत नाही. तुम्ही खोटं कशाला बोलाल. मग मला वाटायला लागलंय की मी ते नंतर मनानेच रचलं. दोन महिने झाले, मी काहीही केलं की दोनदा तपासतो. गॅस बंद केला का, दार लावलं का. स्वतःच्या डोक्यावरचा भरवसाच उडालाय. तेवढं सांगा. म्हणाला होतात का?"

माझं काही जाणार नव्हतं. नोकरी नाही, कार्ड नाही. तो शिव्या देणारा नव्हता, मारणारा नव्हता. हो म्हटलं असतं तर त्यानं बहुतेक मान डोलावली असती आणि गेला असता, आणि कराडला जाऊन दार एकदाच लावलं असतं. एवढंच तो मागत होता. गॅरेजच्या थंडीत त्याच्या तोंडातून वाफ येत होती आणि माझ्याही. मी त्या वेळी काय विचार केला असं कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही, कारण विचार केलाच नाही. एवढं मात्र कळत होतं की ह्या मुलाच्या डोळ्यांत मी अजून दादा होतो. जगात माझ्याबद्दल तसं समजणारा एक माणूस उरला होता, तो उद्या विमानात बसणार होता, आणि तेवढं मला हवं होतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, "नाही रे, उल्हास. मी तसं म्हटलं नव्हतं. तुझ्या मनात काहीतरी गल्लत झालीय. ताण होता, होतं असं."

त्याचे खांदे खाली आले. "बरं," म्हणाला. "मग बरं झालं विचारलं." घरातलं दार उघडून देवयानी आणि उत्तरा बाहेर आल्या, देवयानीच्या हातात चिवड्याचा डबा होता. उल्हास तिला म्हणाला, अगदी साध्या आवाजात, "माझंच चुकलं होतं गं. दादांनी तसं काही सांगितलं नव्हतं." देवयानीनं डबा उत्तराच्या हातात परत दिला. मला वाटलं आता ही काहीतरी बोलणार, हिला कळलंय. ती माझ्यासमोर आली, वाकली आणि नमस्कार केला, त्या सिमेंटच्या गार फरशीवर गुडघा टेकून. उठली तेव्हा तिचे डोळे भरले होते. "दादा, मला माफ करा," ती म्हणाली. "हे दोन महिने मी तुमच्याबद्दल घरात फार वाईट बोललेय. ह्याला म्हणायचे, त्यांनीच तुला बुडवलं. हा माझ्यावर चिडायचा, बोलायचा नाही दिवसदिवस." उत्तरा माझ्याकडे बघत होती. मी देवयानीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "असू दे. मी नाही मनावर घेतलं."